शेअर्सचं आयकर रिटर्न: ब्रोकरच्या रिपोर्टवर किती विसंबायचं?

प्रश्न: मी सोलापुरात एका खासगी शाळेत शिक्षिका आहे. आजवर फॉर्म १६ बघून आयटीआर-१ भरत आले. २०२४-२५ मध्ये डिमॅट खात्यातले काही शेअर विकले. त्यात वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर आलेले २०० शेअरही होते. थोडं इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) झालं आणि मिस्टरांच्या सांगण्यावरून बँक निफ्टीचे ऑप्शन घेतले, त्यात तोटा झाला. ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये विक्रीचा एक आकडा आहे, एआयएसमध्ये (आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात) दुसराच. वडिलांच्या शेअरवर रिपोर्ट ९०,००० रुपये नफा दाखवतो, तो खरा का? गृहकर्जामुळे मला जुनी करप्रणाली सोयीची पडते. ऑप्शनमध्ये तोटाच आहे, तर तो सोडून देऊन आयटीआर-२ भरला तर चालेल का?

उत्तर:

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंच त्यावर अवलंबून आहे. ऑप्शन सोडून आयटीआर-२ भरलेलं चालणार नाही. फ्युचर्स-ऑप्शनमधून, म्हणजे पुढच्या भावावरच्या करारांतून येणारं उत्पन्न कायद्याने धंद्याचं उत्पन्न धरलं आहे, मग सौदे दोन असोत की दोनशे, नफा असो की तोटा. धंद्याचं उत्पन्न आलं की फॉर्म आयटीआर-३. इंट्राडेसुद्धा धंद्यातच मोडतं, फक्त त्याचा कप्पा वेगळा, सट्ट्याच्या धंद्याचा. म्हणजे ऑप्शन घेतले नसते तरी इंट्राडेमुळे तुम्हाला आयटीआर-३ लागलाच असता. २०२४-२५ च्या रिटर्नपासून सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा आयटीआर-१ मध्ये दाखवता येतो, हे तुम्हाला स्टाफरूममध्ये कोणीतरी सांगेल. ते खरं आहे, पण ज्याच्याकडे तेवढंच आहे त्याच्यासाठी.

शिवाय तोटा दाखवण्यात तुमचाच फायदा आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे अल्प मुदतीचा नफा २३ जुलै २०२४ च्या आधीचा २२,००० आणि नंतरचा १४,००० आहे. एफडीचं व्याज ११,०००. ऑप्शनमध्ये तोटा ३७,६०० आणि त्यावर ४,४०० चार्जेस, म्हणजे एकूण ४२,०००. ऑप्शनचा तोटा पगारातून वजा होत नाही, पण त्याच वर्षाच्या भांडवली (शेअर विक्रीच्या) नफ्यातून आणि व्याजातून होतो. ऑप्शन लपवले तर २२,००० वर १५ टक्क्यांनी ३,३००, १४,००० वर २० टक्क्यांनी २,८०० आणि तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात आहात असं धरलं तर व्याजावर २,२००, असे ८,३०० रुपये आणि वर ४ टक्के सेस भरावा लागेल. तोटा दाखवला तर ४७,००० मधून ४२,००० जाऊन करपात्र उरतात फक्त ५,०००. त्यावरचा कर सेस धरून फार तर १,०४० रुपये. तोटा सांगायला लाज वाटते म्हणून किंवा फॉर्म मोठा म्हणून लोक ही वजावट हातची घालवतात, आणि ते बघून मला दर वर्षी वाईट वाटतं.

आता जुन्या करप्रणालीचं. याकडे आधी लक्ष द्या, कारण इथे तारीख चुकली तर मागाहून दुरुस्ती होत नाही. नवी प्रणाली आता मूळ, म्हणजे काहीच न निवडलं तर आपोआप लागू होणारी प्रणाली आहे. फक्त पगारदार माणसाला रिटर्न भरताना दर वर्षी जुनी की नवी ते निवडता येतं. पण धंद्याचं उत्पन्न आलं की ही मोकळीक जाते. जुनी हवी असेल तर रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए पोर्टलवर वेगळा भरावा लागतो, आणि त्याचा पावती क्रमांक रिटर्नमध्ये लिहावा लागतो. पुढे कधी नव्या प्रणालीत परत आलात, तर धंद्याचं उत्पन्न आहे तोवर पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. शाळेने जुन्या प्रणालीप्रमाणे टीडीएस कापला आहे म्हणून आपोआप जुनी लागू होईल, असं समजू नका. २०२४-२५ च्या रिटर्नसाठी ऑडिट नसलेल्यांची मुदत ३१ जुलैवरून आधी १५ आणि मग १६ सप्टेंबर २०२५ केली होती. फॉर्म १०-आयईए त्या मुदतीतच जाणं बंधनकारक होतं. तो भरण्यापूर्वी एकदा दोन्हीकडून हिशेब करून बघा. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावट ७५,००० आहे, जुनीत ५०,०००. गृहकर्जाचं व्याज आणि ८०-सी मिळून तुमची वजावट खरंच मोठी असेल तरच जुनीचा हट्ट धरा.

आता ब्रोकरच्या रिपोर्टकडे येऊ. ब्रोकर प्रामाणिकपणे तेवढंच लिहितो जेवढं त्याला दिसतं. त्याला त्याच्या खात्यातून झालेले सौदे दिसतात. शेअर बाहेरून आला असेल, वारशाने आला असेल, दुसऱ्या डिमॅटमधून हलवला असेल, कंपनीची फोड होऊन आला असेल, तर खरेदीची रक्कम त्याच्याकडे नसते. मग काही ब्रोकर तिथे शून्य धरतात, काही शेअर खात्यात आला त्या दिवसाचा भाव धरतात, काही जागा कोरी ठेवतात. रिटर्नवर सही मात्र तुमची असते. त्यामुळे रिपोर्ट घ्या, पण त्यासोबत पूर्ण वर्षाचं ट्रेडबुक (सौद्यांची यादी), काँट्रॅक्ट नोट (त्या त्या दिवसाच्या सौद्यांची ब्रोकरची पावती), लेजर (पैशांचा खातेउतारा) आणि ३१ मार्चचं होल्डिंग स्टेटमेंटही उतरवून घ्या. सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरींकडून (डिमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडून) ईमेलवर येणारं एकत्रित स्टेटमेंटही काढा. त्यात तुमच्या पॅनवरची सगळी डिमॅट खाती आणि म्युच्युअल फंड एका जागी दिसतात. विसरलेलं जुनं खातं तिथेच सापडतं.

पहिलं काम नफ्याकडे न बघता नगांचा ताळा जमवायचं. १ एप्रिल २०२४ ला प्रत्येक कंपनीचे किती शेअर होते, वर्षात किती आले, किती गेले, ३१ मार्च २०२५ ला किती उरले. चाटी गल्लीतला कापडाचा व्यापारी दिवाळीला आधी माल मोजतो आणि मग नफ्याचं बोलतो, तसंच हे. नग जुळले नाहीत तर कुठेतरी बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आहे, स्प्लिट (एका शेअरचे अनेक होणं) आहे, बायबॅक (कंपनीने शेअर परत विकत घेणं) आहे, नाहीतर एखादा सौदा रिपोर्टमधून सुटला आहे. नग जुळले की रकमांचा घोळ अर्धा संपतो.

मग प्रत्येक विक्री कोणत्या कप्प्यात जाते ते बघायचं. शेअर १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर दीर्घ मुदत, नाहीतर अल्प मुदत. दिवस मोजायचे काँट्रॅक्ट नोटवरच्या तारखेने, खात्यात पैसे कधी आले यावर नाही. २०२४-२५ हे वर्ष या बाबतीत वेगळं आहे, कारण दर वर्षाच्या मधेच बदलले. २२ जुलै २०२४ पर्यंतच्या विक्रीला अल्प मुदतीला १५ टक्के आणि दीर्घ मुदतीला १० टक्के. २३ जुलैपासून अल्प मुदतीला २० आणि दीर्घ मुदतीला साडेबारा. दीर्घ मुदतीची सव्वा लाखाची सूट मात्र दोन्ही तुकड्यांना मिळून वर्षाला एकदाच आहे. रिटर्नमध्येही या दोन तुकड्यांसाठी वेगळ्या ओळी दिल्या आहेत. तुमचा रिपोर्ट असा तोडून दिलेला असेल तर उत्तम, पण २२ आणि २३ जुलैच्या आसपासचे सौदे एकदा काँट्रॅक्ट नोटशी लावून बघाच. सेटलमेंट दुसऱ्या दिवशी होते, त्यामुळे २२ तारखेला विकलेला शेअर डिमॅटमधून २३ ला वजा झालेला दिसू शकतो. दर ठरतो तो २२ च्या सौद्यावर.

एकाच कंपनीचे शेअर वेगवेगळ्या वेळी घेतले असतील तर जो आधी खात्यात आला तो आधी गेला असं धरायचं. हा नियम प्रत्येक डिमॅट खात्याला वेगळा लावायचा. तुमची दोन ब्रोकरकडे दोन डिमॅट असतील तर एका खात्यातल्या विक्रीसमोर दुसऱ्या खात्यातली जुनी खरेदी लावता येत नाही.

इथे एक सापळा आहे. रिपोर्टमध्ये तुमचं इंट्राडे ३,४०० तोटा दाखवतं, ते सौदे एकदा नीट बघा. समजा तुमच्याकडे आधीपासून १०० शेअर होते. ते सकाळी विकले आणि त्याच दिवशी दुपारी तेच १०० परत घेतले. तुमच्या मनात हा जुन्या शेअरवरचा नफा पदरात पाडून घ्यायचा व्यवहार असतो. पण त्याच खात्यात, त्याच दिवशी, त्याच एक्स्चेंजवर खरेदी आणि विक्री एकमेकांत फिटतात आणि डिमॅटमधून काहीच हलत नाही. डिलिव्हरीच झाली नाही, म्हणून तो सौदा सट्ट्याच्या कप्प्यात जातो आणि जुने शेअर जुन्याच किमतीला तुमच्याकडे राहतात. सव्वा लाखाची सूट वापरण्यासाठी मार्चमध्ये विकून परत घेणारे बरेच जण इथे फसतात. परत घ्यायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी घ्या. आणि उलट बाजूने, खरोखर डिलिव्हरी झालेला सौदा रिपोर्टने चुकून इंट्राडेत टाकलेला नाही ना, तेही तपासा.

आता वडिलांचे शेअर. तुम्ही लिहिलंय की वडिलांनी ते २०१२ मध्ये ४० रुपयांना घेतले होते, आणि तुम्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये ४५० ला विकले. रिपोर्टमध्ये खरेदी शून्य, म्हणून ४५० गुणिले २००, असा ९०,००० नफा आला. तो आकडा चूक आहे. वारशाने मिळालेल्या शेअरला वडिलांचीच खरेदी किंमत मिळते आणि वडिलांनी ठेवलेला काळही तुमच्या काळात धरला जातो. तुमच्या नावावर येणं ही विक्री नव्हे, त्यावर कर लागत नाही. तेव्हा हा शेअर २०१२ पासूनचा, म्हणजे दीर्घ मुदतीचा.

पुढे ३१ जानेवारी २०१८ चा नियम येतो. १ फेब्रुवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या शेअरला, त्या ३१ जानेवारीला एक्स्चेंजवर जो सगळ्यात वरचा भाव लागला तो हिशेबात घ्यायचा. तो भाव आणि तुमची विक्री किंमत यांतली लहान रक्कम घ्या. ती आणि मूळ खरेदी यांतली मोठी रक्कम म्हणजे तुमची खरेदी किंमत. तुमच्या शेअरचा त्या दिवशीचा वरचा भाव ३१० होता. ३१० आणि ४५० यांत लहान ३१०. ३१० आणि ४० यांत मोठी ३१०. नफा शेअरमागे १४०, म्हणजे २०० शेअरवर २८,०००. सव्वा लाखाच्या आत असल्याने कर शून्य. भाव पडून तुम्हाला २५० लाच विकावे लागले असते, तर ३१० आणि २५० यांत लहान २५०, म्हणून नफाही शून्य आणि तोटाही शून्य. या नियमाने जुना नफा वाचतो, पण कागदावरचा तोटा तयार होत नाही.

वडिलांची २०१२ ची काँट्रॅक्ट नोट सापडत नाही म्हणून तुम्ही काळजीत आहात, असं पत्रावरून वाटलं. वरचा हिशेब पुन्हा बघा. ४० ऐवजी ३० असते किंवा १०० असते तरी उत्तर तेच आलं असतं. तुम्हाला सिद्ध करायची आहे ती तारीख: शेअर १ फेब्रुवारी २०१८ च्या आधी वडिलांकडे होते एवढी. त्यासाठी वडिलांच्या डिमॅटचं जुनं स्टेटमेंट पुरतं, आणि ते त्यांच्या डीपीकडून, म्हणजे त्यांचं डिमॅट खातं ज्या ब्रोकर किंवा बँकेकडे होतं तिच्याकडून मिळतं. त्याच्यासोबत मृत्यूदाखला आणि ट्रान्समिशनचं (शेअर तुमच्या नावावर झाल्याचं) पत्र एका फाइलीत लावून ठेवा. एक गोष्ट मात्र विचारून ठेवतो. शेअर तुमच्या नावावर नॉमिनी म्हणून आले की वारस म्हणून? नॉमिनी झाल्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीत स्पष्ट केलं आहे. भावा-बहिणींचा हिस्सा असेल आणि तुम्ही तो त्यांना दिला असेल, तर तेवढा नफा त्यांच्या रिटर्नमध्ये जाईल.

२०१८ च्या आधीचे शेअर रिटर्नच्या शेड्यूल ११२-ए मध्ये कंपनीनिहाय, आयएसआयएनसकट (शेअरच्या ओळख क्रमांकासकट) लिहावे लागतात. नंतरच्या खरेदीचे एकत्र लिहिले तरी चालतात. ब्रोकर जी सीएसव्ही फाइल देतो ती थेट चढवता येते, पण तुमच्या बाबतीत तीत वडिलांच्या ओळीत शून्यच असेल. ती दुरुस्त केल्याशिवाय चढवू नका.

आपल्याकडे बऱ्याच घरांत बालाजी अमाइन्सचे जुने शेअर आहेत, २०१६ च्या आयपीओत मिळालेले प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे आहेत, कारण या कंपन्या आपल्या गावातल्या. असे वर्षानुवर्षं जपलेले शेअर विकताना ३१ जानेवारी २०१८ चा भाव घेतलाच पाहिजे. त्या तारखेनंतर कोणत्याही कंपनीचं स्प्लिट झालं असेल तर तो भावही त्याच प्रमाणात भागायचा. दर्शनी किंमत १० ची ५ झाली, तर ३१० चे १५५ होतात. स्प्लिटमध्ये तारीख मूळ खरेदीचीच राहते. बोनसचं तसं नाही. बोनस शेअरची खरेदी शून्य, आणि काळ मोजायचा तो बोनस वाटला त्या दिवसापासून. २०१८ च्या त्या तारखेआधीचा बोनस असेल तर त्यालाही ३१ जानेवारीचा भाव मिळतो. नंतरच्या बोनसला मिळत नाही.

कंपनीची फोड झाली की रिपोर्ट हमखास गडबडतात. रिलायन्समधून जुलै २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा कंपनीने खरेदी किमतीची विभागणी ९५.३२ टक्के आणि ४.६८ टक्के अशी जाहीर केली. तुम्ही रिलायन्स २,००० ला घेतला असेल तर आता त्याची खरेदी १,९०६.४० आणि जिओची ९३.६०. जिओचा शेअर फुकट मिळाला असं धरून विकणारा जास्त कर भरतो, आणि रिलायन्सची खरेदी २,००० च धरणारा कमी भरतो. दोन्ही चूकच. अशा प्रत्येक कंपनीचं पत्रक गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर असतं, तेच प्रमाण मानायचं.

बायबॅकमध्ये शेअर दिले असतील तर तारीख बघा. २०२४-२५ मध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून बायबॅकमध्ये मिळालेली पूर्ण रक्कम लाभांश म्हणून तुमच्या टप्प्याच्या दराने करपात्र होती, आणि त्या शेअरची खरेदी किंमत भांडवली तोटा म्हणून वेगळी दाखवायची. रिपोर्टने ती साधी विक्री धरली असेल तर बदला. लाभांश तर एप्रिल २०२० पासून आपल्याच हातात करपात्र आहे, आणि तो ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये पूर्ण असेलच असं नाही. बँक पासबुक आणि एआयएस दोन्ही बघा.

एआयएसमधला फरक. तुमच्या रिपोर्टमध्ये विक्री ३,०८,६४० आहे आणि एआयएसमध्ये ३,१२,०००. घाबरण्यासारखं यात काही नाही. एआयएसमधला शेअर विक्रीचा आकडा डिपॉझिटरीकडून येतो. तुम्ही कोणत्या भावाला विकले हे डिपॉझिटरीला माहीत नसतं, ती त्या दिवसाच्या बंद भावाने अंदाज लावते. शेअर ज्या दिवशी खात्यातून वजा झाला तो दिवस ती धरते, म्हणून मार्चअखेरची विक्री कधीकधी एप्रिलमध्ये दिसते. आणि तिला फक्त डिलिव्हरी दिसते, इंट्राडे आणि ऑप्शन त्यात नसतात. रिटर्नमध्ये काँट्रॅक्ट नोटप्रमाणे खरी रक्कम लिहा, एआयएसचा आकडा जुळवण्यासाठी रिटर्न वाकवू नका. दोघांतला फरक कंपनीनिहाय एका कागदावर मांडून ठेवा, आणि एआयएसमधल्या त्या नोंदीवर पोर्टलवरूनच फीडबॅक द्या. उद्या विचारणा आली तर तो कागद तुमचं उत्तर असेल. एआयएसमध्ये एखादी नोंद मुळातच तुमची नसेल, तर मात्र ती सोडून देऊ नका, लगेच नाकारा.

खर्चाचं थोडक्यात. भांडवली नफ्यात विक्रीशी थेट जोडलेला खर्च, म्हणजे ब्रोकरेज आणि त्यावरचा जीएसटी वजा होतो, खरेदीचं ब्रोकरेज खरेदीच्या किमतीत मिळतं. एसटीटी (शेअरच्या सौद्यावर लागणारा कर) वजा होत नाही. डिमॅटची वार्षिक मेंटेनन्स फीही इथे घालू नका. बरेच रिपोर्ट सगळे चार्जेस शेवटी एकाच बेरजेत देतात, त्यातून एसटीटी बाजूला काढावा लागतो. धंद्याच्या कप्प्यात, म्हणजे इंट्राडे आणि ऑप्शनमध्ये मात्र एसटीटीही खर्च म्हणून चालतो. तुमच्या ४,४०० मध्ये तो धरलेला आहे, ते बरोबर आहे. मोबाईल, इंटरनेट, घरभाडं असे खर्च वाढवून दाखवायचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका. वर्षभरात चार-सहा दिवस सौदे केले आणि बारा महिन्यांचं इंटरनेट बिल लावलं, हे कोणाला पटणार?

ऑप्शनची उलाढाल कशी काढायची, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण फॉर्ममध्ये तो आकडा मागतात. प्रत्येक सौद्यातला नफा आणि तोटा, चिन्ह न बघता, बेरीज करायची. एका सौद्यात १,२०० नफा आणि दुसऱ्यात ९०० तोटा असेल तर उलाढाल २,१००. विकलेल्या ऑप्शनचा प्रीमियम (त्याची मिळालेली किंमत) त्या फरकात आलेला असेल तर वेगळा परत मिळवायचा नाही. काही रिपोर्ट दोन पद्धतींनी दोन आकडे देतात आणि मोठा आकडा बघून माणूस ऑडिटच्या भीतीने हबकतो. सगळे व्यवहार बँकेतून होत असतील तर ऑडिटची सर्वसाधारण मर्यादा १० कोटी रुपये उलाढाल आहे. तुमच्यासारख्यांना तिथवर जायचा प्रश्नच येत नाही.

या निमित्ताने मनापासून सांगतो, हे ऑप्शन थांबवा. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या १०० मधल्या ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला होता, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. तुमचे ४२,००० पगारातून गेले आहेत. कर वाचला म्हणून ते परत आले असं होत नाही. आणि ऑप्शनबरोबर इंट्राडेही बंद केलं, तर पुढच्या वर्षी आयटीआर-३ ची गरज उरणार नाही.

मिस्टरांनी तुमच्या मोबाईलवरून सौदे केले, तर उत्पन्न कोणाचं? खातं तुमचं, पॅन तुमचा, पैसा तुमच्या पगारातला, तेव्हा तोटाही तुमचाच. पण त्यांनी स्वतःचे पैसे तुमच्या खात्यात टाकून शेअर घेतले असतील, तर त्यावरचं उत्पन्न कायद्याने त्यांच्या उत्पन्नात मिळवलं जातं. आपल्याकडे बायकोच्या नावाने डिमॅट उघडून त्यात पैसे टाकायची पद्धत फार आहे, आणि हे कलम बहुतेकांना माहीत नसतं. मिस्टर सरकारी नोकरीत असतील तर शेअरच्या सट्ट्याबाबत त्यांच्या सेवावर्तणूक नियमांत काय म्हटलंय तेही त्यांनी एकदा वाचावं.

इंट्राडेचा ३,४०० तोटा ना ऑप्शनशी फिटतो ना शेअरच्या नफ्याशी. तो पुढची चार वर्षं फक्त इंट्राडेच्या नफ्यातून वजा होतो. इंट्राडे बंद करणार असाल तर तो तसाच संपेल, तरीही दाखवा. भांडवली तोटा असता तर आठ वर्षं पुढे नेता आला असता, अल्प मुदतीचा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून आणि दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. यातलं काहीही पुढे न्यायचं तर रिटर्न मुदतीतच गेलं पाहिजे. उशिरा, ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण ५,००० पर्यंत विलंब शुल्क लागतं आणि तोटा पुढे जात नाही.

फॉर्ममध्ये भांडवली नफा आणि लाभांश कोणत्या कालावधीत झाला त्याचा एक तक्ता असतो: १५ जूनपर्यंत, मग १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च आणि शेवटी ३१ मार्चपर्यंत. रिपोर्ट जर एप्रिल-जून, जुलै-सप्टेंबर असा तिमाहीने दिलेला असेल तर तो तसाच उतरवू नका, तारखा वेगळ्या आहेत. ॲडव्हान्स टॅक्स उशिरा भरल्याचं व्याज याच तक्त्यावरून लागतं. तुमचा टीडीएस सोडून उरलेला कर १०,००० च्या आत असल्याने यंदा तो प्रश्न नाही. पुढे कधी मोठी विक्री केलीत, तर त्यानंतर येणाऱ्या हप्त्यात कर भरून टाका. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेआधी १५ डिसेंबरचा हप्ता येतो, तो बरेच जण विसरतात.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने व्हेरिफाय करा, नाहीतर ते भरलंच नाही असं धरलं जाईल. काँट्रॅक्ट नोटचे ईमेल पुसू नका. ब्रोकर बदललात तर जुनं खातं बंद होण्याआधी सगळी वर्षं उतरवून घ्या.

वडिलांचे अजून काही शेअर तुमच्याकडे शिल्लक आहेत असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याच ब्रोकरच्या पोर्टलवर बाहेरून आलेल्या शेअरची खरेदीची तारीख आणि भाव आपल्याला भरता येतो. तिथे २०१२ ची तारीख आणि ४० रुपये टाकून ठेवा, आणि पुढच्या जूनमध्ये रिपोर्ट आला की त्यात ३१ जानेवारी २०१८ चा भाव बरोबर लागला आहे का, ते त्या एका ओळीवर बघा.